पाठराखीण
नव्या परिचारिकांच्या पहिल्या वर्षाविषयी एका लेखसंग्रहाची प्रस्तावना

लग्न होऊन मुलगी सासरी निघाली म्हणजे तिच्याबरोबर पाठराखीण धाडण्याची चाल महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि खेड्यापाड्यांतून ती अजून सर्वस्वी मोडलेली नाही. ही पाठराखीण कधी पोक्त आत्या असे, कधी मावशी, कधी नुसतीच पाठची बहीण. सासरच्या घरात तिला कोणताही अधिकार नसे, तिच्यावर कामाचा बोजाही नसे. परंतु पाण्याचे भांडे कोठे ठेवतात, देवघरात कोणी केव्हा जावे, सासूबाईंना कोणत्या वेळी हाक मारू नये, असल्या शेकडो बारीकसारीक गोष्टी, ज्या कोणी शिकवीत नाही आणि ज्या न आल्या तर मात्र बोल लागतो, त्या नव्या मुलीने जिच्या कानाशी लागून विचाराव्यात असे एक आपले माणूस त्या परक्या घरात चार दिवस असावे, एवढाच त्या चालीचा हेतू होता. मुलीच्या अंगी गुण नाहीत म्हणून पाठराखीण जात नसे; गुणी मुलगीही परक्या घरात पहिले चार दिवस बावरते, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून ती जात असे.

या संग्रहातील लेख वाचीत असता त्या चालीचे मला पुनःपुन्हा स्मरण झाले. रुग्णालयीन सेवेत नुकत्याच दाखल झालेल्या परिचारिकांनी आपल्या पहिल्या वर्षाच्या हकिकती येथे लिहिल्या आहेत. त्यांची गावे निराळी, दुःखे निराळी. कोणी सरकारी जिल्हा रुग्णालयात बंधपत्रावर रुजू झालेली, कोणी शहरातल्या खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात दरमहा तुटपुंज्या पगारावर राबणारी. परंतु या सर्व हकिकतींच्या तळाशी मला एकच गोष्ट दिसली : ज्या दिवशी या मुलीला स्वतःच्या सहीने औषध देण्याचा अधिकार मिळाला, नेमके त्याच दिवशी तिच्या शेजारी उभे राहणारे माणूस आपण काढून घेतले.

शब्दांविषयी थोडा खुलासा आरंभीच करते ते बरे. सरकारी दप्तरात वॉर्डातल्या परिचारिकेला अधिपरिचारिका, वॉर्डाच्या प्रमुखाला परिसेविका, मेट्रनला अधिसेविका आणि शिकविणाऱ्या बाईंना पाठ्यनिर्देशिका म्हणतात. रुग्ण व त्यांचे नातेवाईक मात्र या सर्वांना सिस्टर या एकाच नावाने हाक मारतात. हल्ली या व्यवसायात मुलगेही पुष्कळ येतात आणि त्यांना ब्रदर म्हणतात. मी परिचारिका हा शब्द वापरला तरी त्यात त्यांचाही समावेश समजावा. पहिल्या रात्रपाळीचे भय स्त्रीपुरुष पाहून येत नाही.

तीन वर्षांचा जी. एन. एम. चा अभ्यासक्रम असो की चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंगची पदवी असो, विद्यार्थिदशेत मुलगी वॉर्डात कधी खऱ्या अर्थाने एकटी नसते. तिने नाडी मोजली तर ती पुन्हा मोजणारे कोणी असते. तिने इंजेक्शन भरले तर कुपीवरचे नाव वाचून पाहणारे कोणी असते. आणि तिच्या हातून जे घडते त्याखाली सही दुसऱ्याची असते. पुढे परीक्षा होते, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, नेमणुकीचा हुकूम हाती येतो, आणि एका सकाळी ती रुजू होते. त्या सकाळी तिच्या ज्ञानात आदल्या दिवसापेक्षा तसूभरही भर पडलेली नसते. परंतु औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या हाती येते, केसपेपरवर तिची सही चालू लागते, आणि चाळीस खाटांच्या वॉर्डात, जेथे दोन खाटांच्या मध्ये जमिनीवरही गाद्या टाकलेल्या असतात, तेथील प्रत्येक हाक ही तिच्याच नावाची हाक होते. शाळेत सलाईनच्या थेंबांचे गणित तिने वहीत कितीदा तरी सोडविलेले असते : वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर पाचशे मिलिलिटर आठ तासांत जाण्यास मिनिटाला एकवीस थेंब. वॉर्डात हेच गणित घड्याळाच्या काट्याकडे पाहत, एका हाताने नळीची कळ फिरवीत, कोणाचा तरी मुलगा पदराला धरून ओढीत असता, आणि त्याच वेळी शेजारच्या खाटेवरून ‘सिस्टर, सुई निघाली’ असे ओरडणे चालले असता करावयाचे असते. शाळेने तिला गणित शिकविले, हे खरे. त्या गदारोळात ते कसे करावे हे शाळेला शिकविता येत नाही, आणि याबद्दल शाळेला दोष देण्याचाही माझा हेतू नाही.

माझी स्वतःची हकीकत येथे सांगणे मला प्राप्त आहे, कारण ज्यांनी या संग्रहात आपल्या चुका उघडपणे लिहिल्या त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणाऱ्या बाईने आपली चूक झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

मी ज्या रुग्णालयात प्रथम रुजू झाले तेथे दुसऱ्याच महिन्यात मला पुरुषांच्या वैद्यकीय वॉर्डात रात्रपाळी लागली. रुग्ण सेहेचाळीस, त्यांच्यासाठी मी, एक मावशी आणि अधूनमधून दिसणारा एक वॉर्डबॉय. त्याच आठवड्यात एका औषधाच्या प्रमाणाविषयी मी वरिष्ठ सिस्टरांना विचारले होते, आणि रुग्णाच्या नातेवाइकांदेखत ‘एवढेही येत नाही तर पास कशी झालीस?’ असे उत्तर मला मिळाले होते. हे शब्द कानांत ताजे असताना त्या रात्री, हृदय दुबळे झालेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या केसपेपरवर सलाईन किती तासांत द्यावे याचा आकडा मला नीट लागेना. तो आठ होता की चार, हे विचारावयास मी शेजारच्या वॉर्डात जाऊ शकले असते. मी गेले नाही. चार समजून मी थेंब बेचाळीस लावले आणि दुसऱ्या टोकाला उलट्या होत असलेल्या एका मुलाकडे गेले. परत आले तेव्हा ते गृहस्थ उठून बसले होते, छातीत घरघर होती, ओठांवर फेस होता. ड्यूटीवरचे डॉक्टर धावत आले, सलाईन बंद झाले, प्राणवायू लावला, लघवी होण्याचे इंजेक्शन दिले, आणि पहाटेपर्यंत त्यांचा श्वास खाली बसला. ते वाचले. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. चूक माझी होती, असे मी त्या नोटिशीच्या उत्तरात लिहून दिले आणि आजही तसेच लिहिते. परंतु त्या रात्री वॉर्डात रुग्ण किती होते आणि मी शंका का विचारली नाही, हे दोन प्रश्न त्या सबंध जाबजबाबात कोणी मला विचारले नाहीत.

सहा महिन्यांनी माझी बदली प्रसूतिविभागात झाली. तेथील परिसेविका पोक्त, कमी बोलणाऱ्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला सबंध वॉर्ड फिरवून दाखविला, कोणते कपाट अडकते आणि ते कसे उघडावे हे दाखविले, आणि शेवटी म्हणाल्या, ‘माझी खोली मागल्या अंगणात आहे. शंका आली की मावशींना धाड. किती वाजले ते बघू नकोस.’ पंधरवडाभरात झटके येणारी एक बाळंतीण आली. झटके पुन्हा येऊ नयेत म्हणून तिला मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन दर चार तासांनी द्यावयाचे होते. हे औषध प्राण वाचविते आणि अधिक झाले तर श्वास थांबविते. म्हणून प्रत्येक वेळी ते देण्यापूर्वी श्वास मिनिटाला सोळांहून कमी नाहीत ना, लघवी ताशी निदान तीस मिलिलिटर होते ना, आणि गुडघ्याच्या वाटीखाली टिचकी मारली असता पाय उडतो ना, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहाटे पुढल्या इंजेक्शनची वेळ झाली तेव्हा पिशवीतली लघवी मला कमी वाटली. गुडघ्याला मी दोनदा टिचकी मारली, पण पाय उडाला की मलाच तसा भास झाला हे कळेना. भरलेली सिरिंज हातात होती. मावशी म्हणाल्या, ‘बाई, मी बोलावून आणते.’ परिसेविका पातळ सावरीत आल्या, रुग्णाचा पाय आपल्या हातावर घेऊन त्यांनी तळहाताच्या कडेने गुडघ्यावर मारले, पिशवी दिव्यासमोर धरून पाहिली, माझ्या हातातली सिरिंज घेऊन ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलाविणे धाडले. ती बाळंतीण बाराव्या दिवशी मूल घेऊन घरी गेली.

या दोन रात्रींच्या दरम्यान माझ्या ज्ञानात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. किंबहुना मॅग्नेशियमचे ते औषध मला सलाईनपेक्षा पुष्कळच अनोळखी होते. फरक होता तो एवढाच की, पहिल्या वॉर्डात विचारणे हा कमीपणा होता आणि दुसऱ्या वॉर्डात विचारण्याची मुभा मला आधीच दिलेली होती. नवी परिचारिका जेव्हा शंका विचारते तेव्हा ती आपले अज्ञान उघडे करीत नसून रुग्णाच्या बाजूने उभी असते, हे ज्या वॉर्डाने ओळखले तेथील रुग्ण अधिक सुरक्षित असतात, असे माझ्या सबंध नोकरीतले माझे मत आहे.

नव्या परिचारिकेला बसणाऱ्या या धक्क्याचा अभ्यास परदेशात फार पूर्वीच झाला. अमेरिकेत मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली त्याला ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव देऊन, शाळेने मनात रुजविलेली परिचर्येची मूल्ये आणि वॉर्डात मोजला जाणारा कामाचा उरक यांच्यातल्या विरोधात सापडून परिचारिका हा व्यवसाय का सोडून जातात याची मीमांसा केली. दहा वर्षांनी, १९८४ साली, पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकीपासून निष्णात परिचारिकेपर्यंतच्या पाच पायऱ्या सांगितल्या आणि दाखवून दिले की नवशिकी नियमाला धरून चालते, तर निष्णात परिचारिका सबंध परिस्थिती एका नजरेत ओळखते. आणि ही नजर पुस्तकातून येत नाही, तर पुष्कळ रुग्णांच्या अनुभवातून येते. मला मात्र या सर्वांहून अधिक विचार करावयास लावले ते इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंच्या निबंधाने. लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयातील परिचर्यासेवेची पाहणी करून १९६० साली प्रसिद्ध केलेल्या त्या निबंधात त्यांनी म्हटले आहे की, मृत्यू, वेदना आणि उघडी शरीरे यांच्या सततच्या सान्निध्यातून जी चिंता उत्पन्न होते तिच्यापासून बचाव व्हावा म्हणून रुग्णालयाची रचनाच अशी झालेली असते की परिचारिका आणि रुग्ण यांचा माणूस म्हणून संबंध येऊ नये. रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने ओळखावे, काम तुकड्यांत वाटावे, आणि निर्णय होता होईल तो वर ढकलावा. आपल्याकडे ‘बारा नंबरचे सलाईन संपले’ असे आपण दिवसातून वीसदा म्हणतो. हा निबंध वाचीपर्यंत ते मला सोयीचे बोलणे वाटे. त्यानंतर मी बारा नंबरच्या माणसाचे नाव उच्चारण्याची सवय स्वतःला लावून घेतली, आणि माझ्या विद्यार्थिनींनाही लावली.

मृत्यूविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण या संग्रहातील जवळजवळ प्रत्येक मुलीने आपल्या वॉर्डातील पहिल्या मृत्यूविषयी लिहिले आहे. शाळेत मृतदेहाची व्यवस्था शिकवितात : डोळे मिटावे, हनुवटी बांधावी, हातपाय सरळ करावे, नाकातोंडात कापूस घालावा, मनगटाला नावाची चिठ्ठी बांधावी. हे सारे ती नीट करते. त्यानंतर नातेवाइकांचा आक्रोश ऐकत ती नोंदी पुऱ्या करते, चादर बदलते, आणि सहाच्या सुमारास सर्वांचे ताप नाडी घेण्याची वेळ झालेली असते म्हणून थर्मामीटर घेऊन पुढल्या खाटेकडे जाते. ड्यूटी संपते, वसतिगृहावर येऊन ती अंघोळ करते आणि छताकडे पाहत पडून राहते. तिच्याशी त्या रात्रीविषयी कोणी बोलत नाही. आपल्या घरांतून मृत्यू झाला तर शेजारीपाजारी जेवण घेऊन येतात, कोणी जवळ बसते, दहा दिवस माणूस एकटे पडत नाही. इतके सर्व ज्या समाजाला ठाऊक आहे त्याने, वयाच्या बाविसाव्या वर्षी महिन्याला चार मृत्यू पाहणाऱ्या मुलीसाठी पाच मिनिटांचे बोलणे राखून ठेवू नये, याची मला खंत वाटते.

आता संख्येकडे वळते, कारण केवळ ममतेची भाषा करून हा प्रश्न सुटणारा नाही. ज्या वॉर्डात एक परिचारिका सेहेचाळीस रुग्ण पाहते तेथे शंका विचारणारी असली तरी उत्तर देण्यास मोकळी अशी कोणी नसते. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला तेव्हा हिंदुस्थानात ४३,००० लोकवस्तीमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या, महाविद्यालये वाढली, परिचारिका लक्षावधी झाल्या. तरीही शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेला दंडक कागदावरच राहतो, हे वॉर्डात एक रात्र काढणाऱ्या कोणालाही दिसेल. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांची पाहणी करून २००२ साली असा निष्कर्ष काढला की, प्रत्येक परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. तेव्हा परिचारिकांची पदे भरणे हा केवळ त्यांच्या सोयीचा प्रश्न नव्हे. तो रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि मंजूर पदे रिक्त ठेवणाऱ्या कारभाराला त्याच जबाबदारीने त्याचे उत्तर द्यावे लागेल.

पगाराची कथा याहून वेगळी नाही. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीविषयी प्रशिक्षित परिचारिकांच्या अखिल भारतीय संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली; त्यावर २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्याचा आदेश दिला, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा वीस हजार रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, तसेच दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात तो राज्य सरकारच्या परिचारिकेइतका असावा, अशी शिफारस त्या समितीने केली. शिफारशीचा अंमल कितपत झाला हे या संग्रहातील मुलींनीच सांगितले आहे. त्यांतील काहींना रुजू होताना आपली मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या तिजोरीत ठेवावी लागली आणि नोकरी सोडताना ती सोडवून घेण्यासाठी आईच्या बांगड्या गहाण पडल्या.

या मुली घरच्या बहुधा गरीब असतात. शेतमजुरांच्या, बसवाहकांच्या, गिरणी बंद पडल्यावर गावी परतलेल्या कामगारांच्या या मुली आहेत. परिचर्येला आपल्या समाजाने फार काळ अप्रतिष्ठित मानले, कारण तीत परक्याच्या शरीराला, मळाला, रक्ताला स्पर्श करावा लागे, आणि तसल्या स्पर्शाचे ओझे येथील जातिव्यवस्थेने काही विशिष्ट माणसांवरच टाकून ठेवले होते. ती अप्रतिष्ठा मोडण्यासाठी काही स्त्रियांनी मोठी किंमत दिली. पुण्यात प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना तोच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली शिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या हिंदी परिचारिकांत घेतले जाते. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन केले आणि लोकनिंदेला न जुमानता तरुण विधवांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडण्याचे धैर्य दाखविले. त्या काळी पालकांची समजूत घालण्यास रमाबाईंना किती उंबरे झिजवावे लागले असतील याची कल्पना मला आजही येते, कारण रात्रपाळी करणारी सून नको म्हणून मोडलेले लग्न माझ्या विद्यार्थिनींपैकी एकीच्या वाट्याला अगदी अलीकडे आले आहे.

आणि रात्रपाळी म्हटली की सुरक्षिततेचा प्रश्न येतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर, कपडे बदलण्यासाठी ती तळघरात गेली असता, तेथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होती, आणि परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी तिला भरविले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. तिला कधीही न पाहिलेल्या मुली रुजू होताच तिच्या सेवेत लागत. या सेवेपुढे माझे मस्तक नम्र होते. परंतु दिवा असलेली, आतून कडी लागणारी, वॉर्डाला लागून असलेली कपडे बदलण्याची खोली प्रत्येक रुग्णालयात असावी, ही साधी गोष्ट अजून सर्वत्र झालेली नाही, हेही मला येथे नमूद केले पाहिजे. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० सालापासून कायदा आहे. तथापि रुग्ण दगावला म्हणजे जमावाच्या हाती पहिली सापडते ती खाटेजवळची परिचारिका, आणि तेथे कायद्यापूर्वी पोचले पाहिजे ते दुसरे माणूस.

जबाबदारी आणि अधिकार यांची ही फारकत नगरच्या जिल्हा रुग्णालयात नोव्हेंबर २०२१ मध्ये करोना-रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली तेव्हा साऱ्या राज्यातील परिचारिकांना तीव्रतेने जाणवली. कारण त्या प्रकरणी प्रथम ज्यांना अटक झाली त्यांत परिचारिका होत्या. त्या प्रकरणाच्या न्यायनिवाड्याविषयी मी काही म्हणत नाही. विजेच्या तारांची आणि आग विझविण्याच्या साधनांची तपासणी ज्यांच्या हाती नसते त्यांनीच सर्वांआधी कैफियत द्यावी, हे नवशिक्या मुलीने वर्तमानपत्रात वाचले तर तिच्या मनावर काय परिणाम होतो, एवढेच मी पाहिले आहे. त्या वर्षी माझ्या दोन विद्यार्थिनींनी राजीनामे दिले.

ज्येष्ठ परिचारिकांविषयी मी येथपर्यंत जे लिहिले ते वाचून कोणी त्यांना निष्ठुर समजू नये. मला अपमानाने बोलणाऱ्या त्या सिस्टर पुढे माझ्या ओळखीच्या झाल्या. त्यांच्या वाट्याला तेव्हा दोन वॉर्ड होते. औषधांचे इंडेंट, चादरींची मोजदाद, धोब्याचा हिशेब, सहलेखापरीक्षणाची नोंदवही, हे सर्व त्यांच्याच डोक्यावर. आणि त्यांनाही त्यांच्या पहिल्या वर्षी कोणी जवळ घेऊन शिकविले नव्हते. जे आपल्याला मिळाले नाही ते दुसऱ्याला देण्याची बुद्धी काहींना होते, काहींना होत नाही. आणि व्यवस्थेने तरी केवळ या बुद्धीवर विसंबून का राहावे?

म्हणून माझे मागणे असे आहे की प्रत्येक नव्या परिचारिकेला पहिल्या सहा महिन्यांसाठी एक पाठराखीण नेमून द्यावी, आणि ती नेमणूक तोंडी नव्हे तर ड्यूटीच्या तक्त्यात लेखी असावी. पहिले तीन महिने दोघींच्या पाळ्या एकत्र असाव्यात. रात्रपाळी एकटीने कदापि नसावी. पाठराखिणीच्या वाट्याच्या खाटा तेवढ्या काळापुरत्या कमी कराव्यात, कारण वेळ न देता सोपविलेला जिम्मा हा नुसता आणखी एक भार होतो. आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगते : नव्या मुलीचा गोपनीय अहवाल लिहिण्याचे काम या पाठराखिणीकडे मुळीच नसावे. जी आपल्याला गुण देणार आहे तिच्याजवळ कोणी आपले भय उघड करीत नाही. सासूने पाठराखिणीचे काम करू नये, हे आपल्या आजीला सांगावे लागले नव्हते. दर पंधरा दिवसांनी एक तास, आणि तोही ड्यूटीच्या वेळातला, या दोघींना शांतपणे बसून बोलण्यास मिळावा. वॉर्डात मृत्यू घडला तर त्याच दिवशी मिळावा.

यात नवीन असे काही नाही. इंग्लंडमध्ये नोंदणी झालेल्या नव्या परिचारिकेला अनुभवी सहकारिणीच्या हाती सोपविण्याची पद्धत रूढ आहे आणि २०२२ साली तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेने तिचा रीतसर आराखडा प्रसिद्ध केला. आपल्याकडेही करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, नव्या पदवीधर परिचारिकांना कामावर घेण्याचा निर्णय झाला तेव्हा त्यांनी ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम करावे असे केंद्र सरकारने स्पष्ट म्हटले होते. म्हणजे तत्त्व मान्य आहे, ते केवळ आणीबाणीपुरते मान्य आहे. इकडे नव्या मुलीला अशी सोबत मिळत नसताना जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ साली कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. या मुली जर्मन शिकत आहेत, पारपत्रे काढीत आहेत. त्यांना निरोप देताना मला आनंद होतो, आणि येथल्या वॉर्डातल्या रिकाम्या जागा पाहून काळजीही वाटते.

या संग्रहातील लेखन रात्रपाळीनंतरच्या सकाळी, बसच्या थांब्यावर, वसतिगृहाच्या पायरीवर झालेले आहे. एक लेख ताप-नाडीच्या तक्त्याच्या मागल्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेला माझ्याकडे आला. भाषा मी शक्य तितकी तशीच ठेवली; बीडची मुलगी बीडसारखी आणि सावंतवाडीची सावंतवाडीसारखी बोलली पाहिजे, असे मला वाटले. मराठी वॉर्डातच शिकलेल्या एका मल्याळी सिस्टरांचा लेखही यात आहे आणि त्यांच्या वाक्यरचनेला मी हात लावलेला नाही. लेखिकांची आणि रुग्णालयांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

पुस्तकाच्या अखेरीस एक कोरे पान आहे. त्यावर रकाने आखले आहेत : वॉर्डाच्या परिसेविकेचे नाव, ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा, रक्तपेढीचा आणि प्राणवायूच्या भांडाराचा क्रमांक, तातडीच्या ट्रॉलीची जागा, अडकणारे कपाट, आणि रात्री कोणत्याही वेळी जिला उठवावे तिचे नाव. वाचणारी मुलगी नवी असेल तर हे पान तिने पहिल्याच दिवशी, किल्ली हाती घेण्यापूर्वी भरावे. शेवटच्या रकान्यात लिहिण्यासारखे नाव सापडले नाही, तर तिने तसे आपल्या अधिसेविकांना त्याच दिवशी लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी.